दुसरा पडत नाही

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
लाल एमजी, सदुसष्टची, छत कापडाचं.
टोचन नाही लावलं, चालवत आणली,
नौपाड्यापासून पहिल्यातून थेट तिसऱ्यात.
तीन हात नाक्यावर दोनदा बंद पडली, म्हणाल्या
वैजयंती गुप्ते, वय त्र्याहत्तर,
आणि किल्ली हातात न देता बॉनेटवर ठेवली.

"दुसरा पडत नाही. माझा हातच तसा आहे.
हे असते तर पडला असता."

हाताबद्दल मी बोललो नाही.
इंजिन बंद ठेवून चारही टाकून पाहिले: पडतात.
चालू करून पाहिले: पडतात, जरा कुरकुरत.
म्हणजे क्लच सोडतोय. तरी खाली झोपलो,
स्लेव्ह सिलिंडरच्या रबराला बोट लावलं. कोरडं.
चालत्या गाडीत दुसरा टाकला मात्र, की
कर्रर्र,
अडकित्त्यात खडा यावा तसा,
आणि दांडा हात झिडकारतो.

इस्माईल उस्ताद सांगायचे,
पेटीला आधी नाकानं विचार.
ड्रेनचा नट सोडला. काळं, जाड, गंधकाच्या वासाचं.
नव्वद नंबर. ट्रकचं तेल.
ह्या पेटीत इंजिनचंच तेल घालतात, पातळ;
जाड्यातलं गंधक पितळ खातं, हळूहळू, न बोलता.
"हे कोणी भरलं?"
"ह्यांनीच. पेटी गुणगुणते म्हणून. ब्याऐंशी साली.
मग दरवेळी तेच. बिलं असतील,
ह्यांनी बिल कधी टाकलं नाही."

एमजीची पेटी एकटी निघत नाही,
इंजिनासकट उचलावी लागते.
रेडिएटर, सायलेन्सर, मागच्या शाफ्टचे चार बोल्ट,
त्यातला एक गोल झालेला: त्याला पाऊण तास
आणि वाल्मीकच्या सगळ्या शिव्या.
बाई रोज चारला यायच्या,
टायरवर बसून फाइल चाळायच्या.
"ब्याऐंशी," एकदा स्वतःशीच म्हणाल्या,
"दिवाळीनंतर मी हिला हात लावला नाही.
हे म्हणाले, तू दात मोडतेस."
चेनपुलीवर इंजिन लोंबत होतं.
मी वाल्मीकला उगाच ओरडलो, सांभाळ म्हणून.

तिसऱ्या दिवशी पेटी उघडली.
दुसऱ्याचं सिंक्रोचं कडं, पितळी,
आतून केसाएवढे आटे असतात,
ते फिरत्या गिअरला धरून थोपवतात,
वेग जुळला की वाट देतात.
आटे नव्हतेच. आतून ताटासारखं गुळगुळीत.
शेजारच्या चकतीचे दात बोथट.
कुठल्या हातानं, ते दात सांगत नाहीत;
मी तेवढंच सांगितलं जेवढं दिसत होतं:
तेलानं खाल्लंय. आणि कडं त्यांच्याकडे दिलं.

त्यांनी रुमालानं पुसलं, मनगटाकडे नेलं,
बोटांच्या पेरांशीच अडकलं.
"मला दोन-सहाची लागते," म्हणाल्या,
आणि हसल्या नाहीत.

नवं कडं विलायतेहून अकरा दिवसांत आलं,
कस्टममध्ये चार दिवस राहून.
पेटी जोडली, पातळ तेल भरलं,
येऊरच्या चढावर ट्रायल मीच घेतली, दोनदा. ते वेगळं.

निघताना बाईंनी बिल परत दिलं.
"नुसती रक्कम नको. काय झालं होतं ते लिहा.
नीट अक्षरात."
मी लिहिलं: चुकीच्या तेलामुळे दुसऱ्याचं कडं झिजलं.
त्यांनी फाइल उघडली, ब्याऐंशीच्या मागे ते लावलं,
पिवळ्या कागदाला टाचणी टोचताना
अंगठा जरा थांबला.

गाडी फाटकाबाहेर गेली. पहिला.
कोपऱ्यावर टेम्पो उलटा वळत होता,
तिथे तिसऱ्यातून खाली यावंच लागतं.
वाल्मीकनं न सांगता ग्राइंडर बंद केला.
दोघं ऐकत उभे राहिलो.
टेम्पोचा हॉर्न, पलीकडच्या प्रेसची धाड् धाड्,
कुणीतरी पाण्याचा पंप सुरू केला.
पडला असावा.
आवाज आला नाही, इतकंच मला माहीत.